पतपेढीचा गोषवारा आणि 'परमिशन डिनाइड': कामाच्या नोंदी

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

काम काय आहे ते एकदा लिहून ठेवतो, नंतर कोणाच्या गळ्यात पडलं तर निदान कळेल तरी. गिरगावातली एक पतपेढी, दोन शाखा. पिग्मी एजंट (दारोदार फिरून रोजची छोटी बचत गोळा करणारे) संध्याकाळी आपापली मशीन आणून देतात, काउंटरवरच्या ताई केबल लावून डेटा पीसीवर उतरवतात आणि मग डेस्कटॉपवरच्या आयकॉनवर डबल क्लिक करतात, की एक पायथन स्क्रिप्ट सगळ्या एजंटांची बेरीज मारून 'आजचा गोषवारा' नावाची सीएसव्ही फाइल लिहिते. तीच फाइल रोज नव्याने, त्याच नावाने. मॅनेजर साहेब ती बघतात आणि मग शटर. स्क्रिप्ट जुनी आहे, पायथन २ च्या काळातली, नंतर कोणीतरी ओढूनताणून ३ वर आणलेली. कॉमेंट शून्य.

आता हे सगळं आतल्या कपाटातल्या उबंटू २४.०४ च्या, म्हणजे लिनक्सच्या, मशीनवर न्यायचं. काउंटरवरून फक्त डेटा शेअर फोल्डरमध्ये पडेल, रात्री ८ ला क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा लिनक्सचा प्रोग्रॅम) स्वतः चालवेल, कोणी काही दाबायचं नाही. क्रॉनसाठी 'पिग्मी' नावाचा वेगळा युजर केला, कारण पैशाच्या फाइलींना रूट (सर्वाधिकारी युजर) म्हणून हात लावणारी स्क्रिप्ट मला झोप लागू देणार नाही. ॲडमिन लॉगिनने हाताने चालवली, झकास चालली. ८ ची क्रॉन लावून निघालो.

५ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी लॉग उघडला तर परमिशनएरर, एररनो (एररचा नंबर) १३, परमिशन डिनाइड. पुढे फाइलचा पूर्ण पाथ, आणि बस. वैताग याचाच येतो की हा मेसेज कोणाला नाकारलं ते सांगत नाही आणि कुठल्या पायरीवर नाकारलं तेही सांगत नाही, फक्त पाथ छापतो आणि आपण बावळटासारखे त्या शेवटच्या फाइलकडे बघत बसतो.

म्हणून पहिलं काम, एरर पकडतो तिथे दोन गोष्टी जास्तीच्या छापायला लावल्या: प्रोसेस कुठल्या युजरआयडीने चालू आहे आणि कुठले ग्रुप हातात आहेत. दुसरं, 'नेमआय' कमांड एलच्या ऑप्शनने. ही फार लोकांना माहीत नसते पण कामाची आहे, पूर्ण पाथ दिला की वरपासून खालपर्यंत एकेका डिरेक्टरीचा मालक, ग्रुप आणि परमिशन एका खाली एक दाखवते. कुठे अडलं ते लगेच दिसलं. मशीन बसवणाऱ्याने डेटा फोल्डर ॲडमिनच्या होममध्ये (त्याच्या खाजगी फोल्डरमध्ये) ठेवलंय, आणि उबंटूने २१.०४ पासून नवीन होम डिरेक्टरी ७५० ने बनवायला सुरुवात केली, त्याआधी ७५५ असायची (तीन आकडे म्हणजे मालक, ग्रुप आणि इतर यांचे हक्क; वाचायला आर ४, लिहायला डब्ल्यू २, चालवायला किंवा डिरेक्टरीत शिरायला एक्स १, यांची बेरीज). म्हणजे बाहेरच्या युजरला त्या होममध्ये शिरताच येत नाही, आतल्या फाइलवर काय लिहिलंय त्याला काही अर्थच नाही. खोलीची किल्ली खिशात आहे पण वॉचमन गेटमधूनच आत सोडत नाही, तसला प्रकार. वाटेतल्या प्रत्येक डिरेक्टरीवर एक्स लागतो, एकावर जरी नसला तरी एररनो १३.

होमची परमिशन सैल करण्यापेक्षा फोल्डरच हलवलं, सगळ्यात वरच्या डिरेक्टरीखाली एसआरव्ही आहे त्यात 'पिग्मी' नावाने, मालक पिग्मी युजर. त्या युजरने एक टेस्ट फाइल टच करून (रिकामी बनवून) बघितली, झाली, पुसून टाकली. रात्री ८ वाजून गेल्यावर घरून बघितलं, गोषवारा आला होता.

७ ऑगस्ट, गुरुवार

काल रात्री परत एररनो १३. तोच मेसेज, फक्त पाथ नव्या फोल्डरचा. मंगळवारी चाललेली गोष्ट बुधवारी का नाही चालत?

मी चर्नी रोडला उतरून ठाकूरद्वारपर्यंत चालत पोचेस्तोवर साहेबांनी नेटवर्कवाल्याला फोन केला होता आणि त्याने आपलं रामबाण औषध देऊन टाकलं होतं: पूर्ण पिग्मी फोल्डरवर चमॉड (परमिशन बदलायची कमांड) ७७७, रिकर्सिव, म्हणजे आतल्या सगळ्यासकट. "आता बघा, अडणार नाही." अरे पण मी पोचायच्या आधी का? आता फाइल काल नक्की कुठल्या अवस्थेत होती ते कळायचा मार्गच गेला, सगळीकडे ७७७ दिसतंय. गुन्ह्याच्या जागेवर फडका मारून ठेवला.

बरं नुकसान तेवढंच नाही. त्याच फोल्डरमध्ये एक सबफोल्डर होता ज्यात दुसऱ्या शाखेला बॅकअप पाठवायची एसएसएच की (दुसऱ्या मशीनवर शिरायची गुप्त किल्ली असलेली फाइल) आहे. दुपारी बॅकअप फेल. एसएसएच स्पष्ट सांगतं की या कीची परमिशन ०७७७ आहे, फारच उघडी आहे, मी ही वापरणार नाही, आणि मग की वापरलीच नाही म्हटल्यावर शेवटची ओळ पुन्हा परमिशन डिनाइड. म्हणजे परमिशन जास्त झाली म्हणून परमिशन डिनाइड. नेटवर्कवाल्याला दाखवलं, तो म्हणाला असं कधी बघितलं नाही.

साहेबांना समजावलं की ७७७ म्हणजे या मशीनवर लॉगिन असलेला कोणीही खातेदारांचे आकडे वाचू शकतो, बदलू शकतो, आणि कोणी बदलले ते शोधता येणार नाही. 'बदलू शकतो' ऐकल्यावर चेहरा बदलला, मग मान्य.

आवरलं ते असं: 'हिशोब' नावाचा ग्रुप, त्यात पिग्मी युजर, काउंटरचा सांबा युजर (विंडोजवरून शेअर फोल्डर उघडतो तो) आणि मी. फाइंड कमांडने डिरेक्टऱ्या वेगळ्या काढून २७७०, फाइली वेगळ्या काढून ६६०, आणि की ६००. पुढचा २ म्हणजे सेटजीआयडी, त्या डिरेक्टरीत कोणीही नवीन फाइल केली तरी ग्रुप हिशोबच राहतो. चमॉडमधला मोठा एक्स इथे कामाचा नाही हे लक्षात ठेवायचं, तो आधीच एक्झिक्यूट असलेल्या फाइलीवर एक्स तसाच ठेवतो आणि ७७७ नंतर तर सगळ्यांवरच असतो, म्हणून फाइंड.

ग्रुपमध्ये टाकूनही मला स्वतःला लिहिता येईना. कारण टीमक्स (टर्मिनलचं सेशन चालू ठेवणारा प्रोग्रॅम) सकाळपासून उघडं होतं. ग्रुपची यादी लॉगिनच्या वेळी प्रोसेसला मिळते, नंतर युजरला कितीही ग्रुपमध्ये टाका, चालू प्रोसेसला पत्ता नसतो. 'आयडी' नुसतं टाइप केलं तर जुने ग्रुप, 'आयडी' पुढे युजरचं नाव दिलं तर नवे, दोन्हींत फरक दिसला की समजायचं बाहेर पडून परत यायला हवं. आणि नुसती नवीन टॅब उघडून भागत नाही, टीमक्सचा सर्व्हरच बंद करावा लागतो.

रात्री चाललं. नेटवर्कवाल्याचा व्हॉट्सॲप: बघा, ७७७ ने झालं ना.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी पौर्णिमा, घरात नारळीभाताचा वास आणि मी लॅपटॉपवर, कारण काल रात्री परत फेल. एक दिवस चालतं, एक दिवस नाही. पण यावेळी माझ्याआधी फाइलीला कोणी हात लावलेला नव्हता.

एलएस हायफन एल मारलं, फाइलचे हक्क दाखवणारी कमांड. मालक पिग्मी, ग्रुप हिशोब, बरोबर. पण मोड बघून दोन मिनिटं नुसता बघत राहिलो. मालकाला फक्त आर. ग्रुपला फक्त एक्स. इतरांनाही फक्त एक्स, पण तो शेवटच्या जागी छोटा टी होऊन दिसतोय. म्हणजे मालकालाही लिहायची परवानगी नाही आणि सीएसव्ही फाइलवर स्टिकी बिट (खुल्या डिरेक्टरीत दुसऱ्याची फाइल पुसू न देणारी खूण)! असा मोड माणूस ठरवून देत नाही. आकड्यात बघितलं, १४११.

१४११ ऑक्टल, म्हणजे आठ अंकांच्या पद्धतीतला, परमिशन त्याच पद्धतीत लिहितात. दशमानात करून बघितलं: ५१२ अधिक २५६ अधिक ८ अधिक १. ७७७.

इथे ट्यूब पेटली. स्क्रिप्टच्या तळाशी एक मदतनीस फंक्शन आहे, फाइल लिहून झाली की ते ओएस डॉट चमॉड कॉल करतं आणि त्यात आकडा दिलाय नुसता ७७७. पायथनसाठी तो साधा दशमान सातशे सत्त्याहत्तर. शेलमधली चमॉड कमांड आकडा ऑक्टलच धरते म्हणून तिथे ७७७ चालतं, पायथनमध्ये ते फंक्शन साधा इंटिजर घेतं, तुम्ही कुठल्या पद्धतीने लिहिलाय त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पायथन २ मध्ये पुढे एक शून्य लावलं की ऑक्टल व्हायचं, ०७७७. पायथन ३ ने ते बंद केलं, आता शून्य, मग छोटा ओ, मग ७७७ असं लिहावं लागतं, पुढे नुसतं शून्य ठेवलं तर सिंटॅक्स एरर येते. आता काय झालं असेल याचा माझा अंदाज: ज्याने ३ वर आणलं त्याला ही एरर आली, त्याने शून्य खोडलं, एरर गेली, घरी गेला. सगळ्यांना सगळं उघडं करायला लिहिलेली ओळ उलट मालकाचाच लिहायचा हक्क काढून घेते, तेही गुपचूप, आणि त्या दिवशी काहीच बिघडत नाही कारण फाइल लिहून झालेली असते. बिघडतं दुसऱ्या दिवशी.

आता सगळ्या रात्री जुळल्या. मंगळवारी फोल्डर नवीन, फाइलच नव्हती, म्हणून चाललं. बुधवारी फाइल १४११, अडलं. गुरुवारी सकाळी ७७७ नि मग माझं ६६०, दोघांनीही नकळत ती फाइल परत लिहिण्यालायक केली, रात्री चाललं आणि लिहिल्या लिहिल्या स्क्रिप्टने पुन्हा १४११ करून ठेवली. शुक्रवारी अडलं.

मग प्रश्न उरला की काउंटरवरच्या विंडोजवर इतकी वर्षं कसं चाललं. ताईंना फोन लावला, सणाच्या दिवशी फोन केला म्हणून आधी सॉरी म्हटलं.

"अहो दादा, जुनी फाइल डिलीट करायची असते आधी. मॉनिटरवर चिठ्ठी लावलीये बघा. माझ्या आधीच्या मॅडमनी लावलेली. तुम्ही डिलीट नाही का करत?"

कोणी सांगितलंच नाही, कारण कोणाला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही, दिवा लावायच्या आधी वात सारखी करतात तसं ते त्यांच्या अंगवळणी पडलेलं. आणि विंडोजवर पण कारण हेच आहे. तिथे पायथनचं चमॉड जवळजवळ काहीच करत नाही, फक्त एक बिट बघतं, मालकाचा लिहायचा, ऑक्टल २०० म्हणजे दशमान १२८. ७७७ मध्ये १२८ चा बिट नाही. म्हणून फाइल रीड ओन्ली. एक्सप्लोररमधून रीड ओन्ली फाइल डिलीट करता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. लिनक्सवर तर डिलीटचा फाइलच्या परमिशनशी संबंधच नाही, ती डिरेक्टरीत लिहायची परमिशन लागते. म्हणजे चिठ्ठीतला उपाय दोन्हीकडे लागू, फक्त क्रॉनला चिठ्ठी वाचता येत नाही.

ती ओळ बदलून ऑक्टल ६६० केली. कोणाच्या मनात नुसतं ६६० लिहायचं आलं तर तेही करून बघितलं मजा म्हणून, दशमान ६६० म्हणजे ऑक्टल १२२४, मालक आणि ग्रुप लिहू शकतात पण वाचू शकत नाहीत, आणि बाहेरचा कोणीही वाचू शकतो. पतपेढीच्या हिशोबाला याहून वाईट मोड शोधून सापडणार नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

शनिवारी रात्री चाललं, काल सुट्टीला पण लावून ठेवलेलं, तेही चाललं. लागोपाठ.

नेटवर्कवाला म्हणाला की तू सुरुवातीलाच सुडोने, म्हणजे रूट होऊन, चालवून बघितलं असतंस तर? तर काहीच कळलं नसतं. रूट मोडकडे बघतच नाही, १४११ असो नाहीतर ०००, तो लिहून मोकळा. सुडोने चाललं याचा अर्थ फक्त डिस्क जागेवर आहे.

पण त्याच्या समाधानासाठी सुडोने चालवलं आणि काय गंमत, रूटलाच परमिशन डिनाइड! दोघेही गप्प. ही अडचण गोषवाऱ्याची नव्हती, लॉक फाइलची होती. स्क्रिप्ट दोनदा एकदम चालू नये म्हणून टेंप फोल्डरमध्ये एक लॉक फाइल बनवते आणि ती कधी पुसत नाही. ती फाइल पिग्मी युजरची. टेंप डिरेक्टरी सगळ्यांना लिहायला खुली आणि स्टिकी, मालक रूट. लिनक्स कर्नल ४.१९ पासून, म्हणजे २०१८ पासून, 'प्रोटेक्टेड रेग्युलर' नावाची सेटिंग आहे: अशा खुल्या स्टिकी डिरेक्टरीत दुसऱ्याची फाइल पडलेली असेल आणि तुम्ही ती 'नसेल तर बनव' या फ्लॅगने उघडायला गेलात, तर नकार, अगदी रूट असलात तरी. अपवाद फक्त फाइल डिरेक्टरीच्या मालकाची असेल तर. पायथनमध्ये डब्ल्यू मोडने ओपन केलं की तो फ्लॅग लागतोच. कारण पटण्यासारखं आहे, टेंपमध्ये कोणीतरी आधीच आपल्या नावाची फाइल पेरून ठेवायची आणि रूटच्या प्रोग्रॅमने विश्वासाने त्यात लिहायचं, ही जुनी चोरवाट होती. सिसकंट्रोलने ती सेटिंग शून्य करणारे सल्ले मिळतात, मी करणार नाही. लॉक टेंपमधून काढून रन नावाच्या डिरेक्टरीखालच्या आपल्या फोल्डरमध्ये नेली, विषय संपला.

१३ ऑगस्ट, बुधवार

आज काउंटरची बाजू. ताईंच्या विंडोज पीसीवर एक छोटी स्क्रिप्ट आहे, मशीनमधून आलेला डेटा एजंटवार सीएसव्हीत लिहून शेअरवर टाकते. दुपारी तिथे एररनो १३. ताईंनी तीच सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडी ठेवलेली होती, एका एजंटाची पावती जुळत नव्हती म्हणून. विंडोजवर परमिशनचा आणि याचा काही संबंध नाही, फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमने धरून ठेवलीये एवढंच, पण पायथनच्या ओपनपर्यंत येताना ते शेअरिंग व्हायोलेशन एररनो १३ होऊन येतं आणि माणूस प्रॉपर्टीजमधला सिक्युरिटी टॅब खणत बसतो. तीच फाइल ओएस डॉट रिमूव्हने पुसायला गेलं तर विनएरर ३२ येतो आणि सरळ सांगतो की दुसरी प्रोसेस वापरतेय. शंका असली तर हे करून बघायचं, पण टाकाऊ कॉपीवर, कारण कोणी धरली नसेल तर ती खरंच पुसली जाईल.

ताईंना 'एक्सेल बंद ठेवा' सांगणं म्हणजे अजून एक चिठ्ठी. त्यापेक्षा फाइलच्या नावात तारीख आणि वेळ घातली, रोज नवीन फाइल, जुनीवर लिहायचंच नाही. सर्व्हरवरची स्क्रिप्ट त्या दिवसाची सगळ्यात ताजी उचलते.

जाता जाता: कॉन्फिगमध्ये एका एजंटाचं फाइलनाव रिकामं राहिलं होतं, पाथ फोल्डरवरच संपत होता. लिनक्सवर पायथन सांगतो की अहो ही डिरेक्टरी आहे. विंडोजवर तेच परमिशन डिनाइड.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पाऊस. लोकलचा भरवसा नाही, साहेबांनीच सांगितलं येऊ नका. घरून काम, लाइट आहे तोवर.

क्रॉनवरून सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) टायमरवर आणलं, कारण फेल झाल्यावर कळवायची सोय बरी आहे आणि सर्व्हिसला बांधून ठेवता येतं. प्रोटेक्टसिस्टम स्ट्रिक्ट लावलं, जवळजवळ पूर्ण फाइलसिस्टम रीड ओन्ली, रीडराइटपाथ्समध्ये फक्त आपलं पिग्मी फोल्डर. पहिल्याच रनला एररनो ३०, रीड ओन्ली फाइलसिस्टम. पाण्याच्या दिवसांत हा मेसेज बघून आधी पोटात गोळा येतो, कारण डिस्क मरायला लागली की कर्नल ती रीड ओन्ली करून टाकतो आणि तेव्हाही हाच आकडा येतो. कर्नलचा लॉग बघितला, स्वच्छ. शेलमधून माउंट बघितलं तर रीड राइटच दिसतंय. दिसणारच, कारण रीड ओन्ली फक्त त्या सर्व्हिसच्या डोळ्यांना आहे, तिचं माउंट नेमस्पेस, म्हणजे तिला दिसणारं फाइलसिस्टमचं चित्र, वेगळं. जुना कोड लॉग लिहायला व्हारखालच्या लॉग फोल्डरमध्ये जात होता, ते यादीत नव्हतं. लॉग्सडिरेक्टरी आणि रनटाइमडिरेक्टरी या दोन ओळी युनिटमध्ये घातल्या की सिस्टमडी स्वतः फोल्डर बनवून मालकी देतो, हाताने चाऊन (मालक बदलायची कमांड) करायची गरज नाही.

यातनं एक भोक सापडलं. जुन्या कोडमध्ये एरर पकडणारी ओळ फक्त परमिशनएररची आहे. पायथन ३.३ पासून, २०१२ पासून, एररनो १३ आणि एररनो १ दोन्ही त्यात येतात. ३० येत नाही, तो नुसता ओएसएरर, डिस्क भरल्याचा २८ पण तसाच. म्हणून आज एरर न पकडताच स्क्रिप्ट पडली आणि साहेबांना मेसेज गेला नाही. ओएसएरर पकडून आकडा छापायला लावला.

तेवढ्यात अर्धवट फाइलचा पण बंदोबस्त केला. लिहिता लिहिता लाइट गेली तर अर्धा गोषवारा साहेबांसमोर जाईल, म्हणून आधी टेंपफाइलमध्ये लिहायचं आणि मग ओएस डॉट रिप्लेसने एका फटक्यात नाव बदलायचं. टेंपफाइल त्याच डिरेक्टरीत हवी, दुसऱ्या फाइलसिस्टमवर असली तर एररनो १८. आणि मेकएसटेंप (पायथनचं टेंपफाइल बनवणारं फंक्शन) फाइल नेहमी ६०० ने बनवतो, सेटजीआयडीने ग्रुप बरोबर येतो पण ग्रुपला हक्क शून्य, म्हणजे काउंटरवरून गोषवारा उघडणारच नाही. रिप्लेसच्या आधी एफचमॉड, ऑक्टल ६६०. टेस्टमध्ये ताईंच्या सांबा युजरने वाचून बघितली, उघडली.

२५ ऑगस्ट, सोमवार

आठवडाभर एकही एरर नाही. ताईंनी आज विचारलं की मग आता डिलीट नाही ना करायची, म्हटलं नाही, उलट केलीत तर साहेब मला विचारतील. परवा गणपती, पतपेढी दीड दिवस बंद, टायमर सुरूच राहील, डेटा नसेल तर जुना गोषवारा तसाच ठेवतो.

बाकी: दुसऱ्या शाखेत अजून जुनीच स्क्रिप्ट विंडोजवर आहे, त्यात तोच दशमान ७७७, ती ओळ आधी काढायची आणि आधीच रीड ओन्ली झालेल्या फाइलींचा तो टिक काढायचा. तिथलं फोल्डर प्रोग्रॅम फाइल्समध्ये आहे असं फोनवर कळलं, तिथे साध्या युजरला लिहिता येत नाही, म्हणून ते आधी बाहेर काढायला लागेल. एसएसएच की बदलली, जुनी दोन्हीकडून काढली, एक दिवस सगळ्यांना वाचायला उघडी होती ती. नेटवर्कवाल्याचा सुडो काढायचा का ते साहेबांवर सोडलंय, अजून उत्तर नाही.